सॉफ्टवेअर रेड करताना डिस्क आधी शून्याने भरून घ्यायच्या का?

कुळागर (फोंडा)

मंडळी, दहा ठिकाणी वाचलं आणि दहा मतं मिळाली, म्हणून इथे विचारतोय.

आमच्या भागातल्या देवळांच्या उत्सवांत होणारी हौशी मराठी नाटकं, भजनं, काले यांच्या जुन्या मिनीडीव्ही टेपा आम्ही काही जण मिळून कॉम्प्युटरवर उतरवून घेतोय. टेपांना बुरशी धरू लागलीय, अजून एक-दोन पावसाळे काढतील असं वाटत नाही. तासाभराच्या टेपला साधारण १३ जीबी लागतात, त्यामुळे जागा भसाभस संपते. म्हणून डेबियन १२ (लिनक्स) वर पाच डिस्कांचं रेड ५ करायचं ठरवलंय, म्हणजे पाच मिळून एकच मोठी डिस्क, त्यातली एक मेली तरी डेटा शाबूत. सगळ्या ४ टीबीच्या. तीन कोऱ्या, दोन म्हापशातल्या एका बंद झालेल्या फोटो स्टुडिओतून घेतलेल्या.

एक जण म्हणतो, रेड करण्याआधी प्रत्येक डिस्क डीडीने (डिस्कवर सरळ बाइट लिहिणारी कमांड) पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्याने भरा. दुसरा म्हणतो काही गरज नाही, रेड करायची कमांड एमडीअ‍ॅडम आपलं आपण बघून घेतं. तिसरा म्हणतो अझ्यूम-क्लीन द्या, म्हणजे डिस्क आधीच जुळलेल्या आहेत असं त्याला सांगा, सिंकची (डिस्क आपसांत जुळवण्याची) वाट बघत बसू नका. ऐकू कुणाचं? त्यात स्टुडिओवाल्या डिस्क लावल्याबरोबर एमडी१२७ नावाचं काहीतरी आपोआप उभं राहतं आणि त्यांना हात लावू देत नाही, डिव्हाइस बिझी म्हणतं. शिवाय दिवस पावसाचे. लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि माझा यूपीएस जेमतेम मशीन नीट बंद करण्यापुरता आहे.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे हे ठाऊक आहे. दुसरी प्रत डिचोलीला भावाकडे असते. तेवढं सोडून सांगा.

जुना_पेंटियम (मडगाव)

शेवटचा परिच्छेद लिहून निम्मे प्रतिसाद वाचवलेत.

रेडसाठी म्हणून शून्य भरायची गरज नाही. अ‍ॅरे (डिस्कांचा संच) केलात की एमडी (रेड चालवणारा लिनक्सचा भाग) स्वतःच पहिला सिंक सुरू करतो. डिस्कवर आधीचा कसलाही कचरा असो, पॅरिटी (ज्यावरून मेलेल्या डिस्कवरचं परत काढता येतं तो हिशेब) त्या कचऱ्याशी जुळवून घेणं हेच त्या सिंकचं काम. रेड ५ मध्ये तर तो एक युक्ती करतो. शेवटची डिस्क स्पेअर धरतो, उरलेल्या चार वाचतो आणि हिशेब करून तिच्यावर लिहितो, जणू ती नुकतीच बदललीय. चार डिस्क सलग वाचायच्या, एक सलग लिहायची, हेड मागेपुढे पळवायचा नाही. म्हणून नव्या कोऱ्या अ‍ॅरेत एमडीस्टॅटला (रेडची स्थिती दाखवणारी फाइल) एक डिस्क कमी दिसते आणि पुढे रिकव्हरी असं येतं. ते बघून डिस्क परत करायला दुकानात जाऊ नका, जाणारे बघितलेत.

एमडी१२७ हा वेगळा विषय. जेवून येऊन लिहितो.

माडाखाली (पेडणे)

पेंटियमबाब, माझं थोडं वेगळं मत. मी नेहमी शून्य भरतो आणि मग अझ्यूम-क्लीन देतो. सगळीकडे शून्य असेल तर त्यांचा एक्सॉरही (पॅरिटी काढायचा हिशेब: बिट वेगळे तर १, सारखे तर ०) शून्यच, म्हणजे पॅरिटी आधीच बरोबर. मग सिंक कशाला? वेळ वाचतो.

जुना_पेंटियम (मडगाव)

गणित शंभर टक्के बरोबर. रेड ६ च्या दुसऱ्या पॅरिटीलाही ते लागू पडतं, शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. पण वेळ कुठे वाचला? ४ टीबीची डिस्क सेकंदाला सरासरी १५० एमबीने लिहिली तर साडेसात तास धरा. (बाहेरच्या कडेला वेग जास्त असतो, आत जाता जाता जवळपास निम्म्यावर येतो. सुरुवातीचा आकडा बघून हरखू नका.) पाचही डिस्क एकदम भरायला घेतल्या तरी तेवढेच तास. आणि सिंकलाही तेवढेच, कारण तोसुद्धा एक डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहिण्याचाच उद्योग आहे. शून्य भरून होईपर्यंत मात्र अ‍ॅरे हातात नसतो, सिंक चालू असताना असतो.

कुळागर यांच्या बाबतीत लाइटचा मुद्दा मला जास्त मोठा वाटतो. सिंक कुठवर आला हे एमडी अधूनमधून सुपरब्लॉकमध्ये (डिस्कवर ठेवलेली रेडची माहिती) नोंदवत जातो. मशीन बंद पडलं तर परत आल्यावर साधारण तिथूनच पुढे चालू. डीडीला असली आठवण नाही. कुठवर पोचला होता ते तुम्ही लिहून ठेवायचं आणि सीक देऊन (तेवढी जागा सोडून) तिथून सुरू करायचं, तेही पाच डिस्कांचं वेगवेगळं. जून-जुलैत गोव्यात हा खेळ कुणी करू नये.

एक सावधगिरी मात्र आहे. पहिला सिंक पुरा होईपर्यंत अ‍ॅरे कागदोपत्री एक डिस्क कमी असलेलाच असतो. त्या अवस्थेत त्यावर लिहिणं चालू असताना लाइट गेली तर तो डर्टी (लिखाण अर्धवट) आणि डिग्रेडेड (डिस्क कमी) दोन्ही होतो. मग बूट झाल्यावर आपोआप उभा राहत नाही, असेंबलला (डिस्क जुळवून तो उभा करण्याला) फोर्स द्यावा लागतो. म्हणून वापरता येतो म्हटलं तरी पहिल्या रात्री टेपा त्यावर ओतायला घेऊ नका.

रातांबा (काणकोण)

शून्य न भरताच अझ्यूम-क्लीन दिलं तर काय होतं? माझ्या मित्राने सहा डिस्कांच्या रेड ५ ला तसंच केलंय. वर्ष होत आलं, काहीच झालेलं नाही म्हणतो.

काजूबोंडू (साखळी)

त्याची अजून एकही डिस्क मेलेली नाही, म्हणून काही झालेलं नाही.

आकडे घालून दाखवतो. समजा चार डेटा डिस्क आणि एक पॅरिटी. एका पट्ट्यात (सगळ्या डिस्कांवरच्या एकाच ठिकाणच्या तुकड्यात) डेटा आहे ५, ३, ६, १. चौघांचा एक्सॉर येतो १, म्हणजे खरी पॅरिटी १. पण डिस्क आधी पुसल्या नव्हत्या, सिंकही झाला नाही, आणि पॅरिटीच्या जागेवर जुना कचरा बसलाय, समजा ४. एमडीला तुम्ही शपथेवर सांगितलंय की सगळं स्वच्छ आहे, तो विश्वास ठेवतो.

आता पहिल्या डिस्कवरचे ५ बदलून २ लिहायचे आहेत. एवढ्यासाठी एमडी बाकीच्या तीन डिस्क वाचत नाही. जुना डेटा आणि जुनी पॅरिटी वाचतो, त्यांचा आणि नव्या डेटाचा एक्सॉर करतो. ४, ५ आणि २ यांचा एक्सॉर ३. ही ३ पॅरिटी म्हणून लिहिली गेली. खरी हवी होती ६. म्हणजे लिहिलं की चूक सुधारली असं होत नाही, चूक तशीच पुढच्या पॅरिटीत जाते.

काही दिवसांनी तिसरी डिस्क मेली, जिच्यावर ६ होते. नवी लावली. एमडी पॅरिटी ३ आणि उरलेले २, ३, १ घेऊन हिशेब करतो आणि नव्या डिस्कवर ३ लिहितो. कसलाही एरर नाही, रिबिल्ड यशस्वी, आणि नाटकाच्या मधल्या अंकात चित्राचे तुकडे. ज्या डिस्कवरचा डेटा गेला तिला तर कुणी हातही लावला नव्हता.

आता नेटवर 'मी केलं, डिस्कही बदलली, काही बिघडलं नाही' म्हणणारे का सापडतात तेही सांगतो. पट्ट्यातला सगळा डेटा एकदम लिहिला जात असेल तर पॅरिटी नव्याने मोजली जाते आणि आपसूक बरोबर होते. तीन डिस्कांच्या अ‍ॅरेत छोट्या लिखाणालाही उरलेली एकच डेटा डिस्क वाचणं स्वस्त पडतं, म्हणून एमडी सहसा तेच करतो आणि तिथेही पॅरिटी सुधारते. डिस्क वाढल्या की जुनी पॅरिटी वाचून काम भागवणं स्वस्त पडतं, आणि मग वरचा प्रकार होतो. म्हणजे तीन डिस्कवाल्याचा अनुभव खरा, पण सहा डिस्कवाल्याला त्याचा उपयोग नाही.

मित्राला सांगा, सगळ्या डिस्क धडधाकट आहेत तोवर सिंक-अ‍ॅक्शनमध्ये (एमडीला काम सांगायची फाइल) रिपेअर लिही म्हणून. रेड ५ मध्ये रिपेअर डेटाला खरं मानून पॅरिटी नव्याने लिहितो, आणि इथे आपल्याला तेच हवंय. आधी चेक चालवून मिसमॅच काउंट (न जुळणाऱ्या जागांचा आकडा) बघितला तर आकडा बघून झोप उडेल.

रातांबा (काणकोण)

आत्ताच फोन केला. तो म्हणतो चेक चालवायची भीती वाटते.

काजूबोंडू (साखळी)

मिसमॅच सापडला तरी चेक तो बदलत नाही, फक्त मोजतो. भीती रिपेअर न चालवण्याची वाटायला हवी.

पडवीतला_सर्व्हर (पर्वरी)

माडाखाली यांची पद्धत आता एमडीअ‍ॅडममध्येच आलीय. ४.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ पासून, क्रिएटला राइट-झीरोज असा पर्याय आहे. एमडीअ‍ॅडम स्वतः सगळ्या डिस्कांवर शून्य लिहून घेतं आणि मग सिंक गाळतं. माणसाने हाताने शून्य भरायचं, एखादी डिस्क राहून जायची आणि वर अझ्यूम-क्लीन द्यायचं, ही भानगड उरत नाही. डेबियन १२ मध्ये ४.२ आहे, त्यामुळे कुळागर यांना ते मिळणार नाही. डेबियन १३ वर मिळेल.

फिरत्या डिस्कला याने फार काही फरक पडत नाही. ज्या एनव्हीएमईला (वेगवान एसएसडी) शून्य लिहा असा एकच हुकूम कळतो, तिथे खरा फायदा, कामच मिनिटांत होतं. पण एसएसडीवर बीएलकेडिस्कार्ड (ट्रिमची, म्हणजे ही जागा वापरात नाही असं सांगायची कमांड) मारलं म्हणजे शून्य झालं असं धरून चालू नका. ट्रिम केलेली जागा वाचली तर काय मिळेल हे त्या एसएसडीवर असतं. साटा असेल तर एचडीपार्म या कमांडने दिलेल्या माहितीत ट्रिमनंतर खात्रीने शून्य वाचलं जाईल अशी ओळ आहे का बघा. नसेल तर सरळ सिंक होऊ द्या.

माडाखाली (पेडणे)

कोऱ्या डिस्क कारखान्यातून शून्यच येतात ना? मग त्या तीन भरायचीही गरज नाही.

पडवीतला_सर्व्हर (पर्वरी)

बहुतेक वेळा येतात. तसं लिहून कुणी देत नाही. खात्रीच करायची तर सीएमपी कमांडने डेव्ह-झीरोशी (नुसते शून्य देणारी फाइल) ताडून बघा, पहिला वेगळा बाइट सापडला की तो सांगतो. पण मग पुन्हा साडेसात तास वाचण्यात गेले. त्यापेक्षा सिंक बरा नाही का?

जुना_पेंटियम (मडगाव)

आलो. आता एमडी१२७.

स्टुडिओतल्या डिस्क पूर्वी कुठल्यातरी रेडमध्ये होत्या. घरगुती नासच्या (नेटवर्कवर फाइली साठवायच्या) पेट्यांतही बऱ्याचदा आत एमडीच असतो. त्या डिस्कवर सुपरब्लॉक शिल्लक आहे, बूट होताना उडेव्हला (डिस्क ओळखणारा लिनक्सचा भाग) तो सापडतो, आणि या मशीनच्या कॉन्फिगमध्ये त्या अ‍ॅरेची नोंद नसल्यामुळे त्याला १२७ पासून खाली उतरत जाणारा नंबर मिळतो. डिस्क त्याच्या ताब्यात, म्हणून बिझी. आधी स्टॉप देऊन तो अ‍ॅरे सोडवा. मग वाइपएफएस (डिस्कवरच्या सह्या, म्हणजे ओळखखुणा, दाखवणारी आणि पुसणारी कमांड) आधी काही न पुसता नुसतं चालवा, कुठे कुठे काय काय सह्या आहेत त्या बघा. मग पार्टिशनवरच्या पुसा आणि शेवटी अख्ख्या डिस्कवरच्या. उलट क्रमाने गेलात तर पार्टिशन टेबल जातं, पण आतल्या सह्या तशाच राहतात, आणि उद्या त्याच जागेवर पार्टिशन केलं की त्या पुन्हा डोकं वर काढतात.

यात लोक हमखास चुकतात ते असं. कुठेतरी वाचतात की डीडीने पहिले शंभर एमबी शून्य केले की पुरे. एमडीच्या १.२ मेटाडेटाला (सुपरब्लॉकचा एक प्रकार) ते चालतं, तो सुरुवातीपासून ४ केबीवर असतो. पण ०.९० आणि १.० हे डिस्कच्या शेपटाला बसतात. जीपीटी या पार्टिशन टेबलची दुसरी प्रतही शेवटी असते. इंटेलच्या मदरबोर्डवरच्या रेडचा मेटाडेटाही तिथेच. पुढून कितीही घासलंत तरी मागचं तसंच. वाइपएफएस दोन्हीकडे बघतं, म्हणून ते वापरा. काही सेकंदांचं काम आहे, त्यासाठी अख्खी डिस्क भरायला नको.

कमांड मुद्दाम टाइप करून देत नाही. कॉपी-पेस्ट करताना एसडीबीच्या जागी एसडीए राहिलं की संपलं, आणि ही अक्षरं तर रीबूटनंतर बदलूही शकतात. बाय-आयडी फोल्डरखाली डिस्कचा सिरियल नंबर दिसतो, तो डिस्कवरच्या स्टिकरशी ताडून मगच एंटर दाबा.

माडाखाली (पेडणे)

वेळ वाचण्याचा मुद्दा मागे घेतो. पण त्या दोन जुन्या डिस्क पूर्ण लिहून काढा असंच सांगेन, कारण वेगळं आहे. वापरलेल्या डिस्कवर काही सेक्टर वाचता येत नसतात, आणि त्या जागेवर काही लिहिलं जाईपर्यंत डिस्कही ठरवत नाही की हा सेक्टर ठेवायचा की बदलायचा. स्मार्टमधला (डिस्क आपल्या तब्येतीची ठेवते ती नोंद) १९७ नंबर तो. पूर्ण लिहून काढलं की निकाल लागतो. एकतर सेक्टर सुधारतो आणि १९७ खाली येतो, नाहीतर राखीव जागेतला सेक्टर वापरला जातो आणि ५ नंबर वाढतो.

बॅडब्लॉक्सची (डिस्क तपासणारी कमांड) लिहिणारी चाचणी चालवा. चार नमुने आहेत, प्रत्येक आधी लिहायचा आणि मग वाचून ताडायचा, म्हणजे डिस्कवरून आठ फेऱ्या. ४ टीबीला साठेक तास लागतील. शेवटचा नमुना शून्याचा असतो, त्यामुळे चाचणी संपली की डिस्क शून्य झालेली असते, वेगळी डीडी नको. पुढेमागे ८ टीबीच्या घेतल्यात तर ब्लॉक साइज ४०९६ द्या. नाहीतर ब्लॉकची संख्या ३२ बिटांत मावत नाही म्हणून ते सुरूच होत नाही.

आणि १९९ नंबरही बघा. तो केबल आणि कनेक्टरच्या चुका मोजतो. आमच्या किनारपट्टीला खाऱ्या हवेने साटाचे पिन काळपट पडतात. डिस्क चांगली असते, आकडा मात्र वाढत राहतो. डिस्क फेकण्याआधी केबल बदलून बघा. १९९ कमी कधी होत नाही, वाढायचा थांबला की समजायचं.

भिरंड (सावंतवाडी)

स्टुडिओच्या डिस्क म्हणजे लोकांच्या लग्नांचे फोटो. ते परत काढता येऊ नयेत म्हणून ३५ वेळा पुसावं लागतं ना?

काजूबोंडू (साखळी)

नाही. ३५ फेऱ्यांचा आकडा १९९६ च्या पीटर गुटमन यांच्या निबंधातला, तेव्हाच्या निरनिराळ्या जातींच्या ड्राइव्हसाठी काढलेला. आजच्या फिरत्या डिस्कला एक फेरी पुरते, अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेची २०१४ ची मार्गदर्शिकाही तेच सांगते. इथे तर बॅडब्लॉक्स चार वेळा लिहिणार आहे. पण हा मुद्दा चांगला काढलात. नुसत्या वाइपएफएसने फोटो जात नाहीत, फक्त पत्ता जातो. सिंकनेही चार डिस्कांवरचं जुनं जसंच्या तसं राहतं. लोकांच्या लग्नाचे फोटो आपल्याकडे पडून राहू नयेत एवढ्यासाठीसुद्धा त्या दोन डिस्क लिहून काढायला हव्यात.

कुळागर (फोंडा)

देव बरें करूं सगळ्यांना. मग असं ठरवतो: तीन कोऱ्या डिस्कांना नुसती स्मार्टची लांब चाचणी, दोन जुन्यांवर वाइपएफएस आणि बॅडब्लॉक्स, मग साधं क्रिएट आणि सिंक होऊ देतो. अझ्यूम-क्लीनच्या वाटेला जात नाही.

माडाखाली (पेडणे)

बॅडब्लॉक्स चालू असताना डिस्कचं तापमान बघत रहा. या दिवसांत बंद खोलीत डिस्क भलत्याच तापतात. पंखा लावा समोर.

कुळागर (फोंडा)

चाचणी संपली. एक जुनी डिस्क अगदी स्वच्छ निघाली. दुसरीचा १९७ पहिल्याच नमुन्यात शून्यावर आला, पण ५ वाढला, आणि पुढच्या प्रत्येक नमुन्याला थोडा थोडा वाढतच राहिला. केबल बदलून बघितली, तरी तेच.

माडाखाली (पेडणे)

एकदा वाढून थांबला असता तर ठेवा म्हटलं असतं. दर फेरीला वाढतोय म्हणजे घेऊ नका ती.

कुळागर (फोंडा)

नाही घेतली. सध्या चार डिस्कांचं रेड ५ केलं, १२ टीबी. एमडीस्टॅटला रिकव्हरी दिसतंय, वेग मात्र कधी कधी एकदम पडतो. मधे एकदा लाइटही गेली. परत आल्यावर जिथे होता साधारण तिथूनच सुरू झाला, पेंटियमबाब म्हणाले तसंच. पाचवी डिस्क नंतर घेऊन जोडता येईल ना?

पडवीतला_सर्व्हर (पर्वरी)

वेग पडत असेल तर बघा, त्याच वेळी दुसरं कुणी अ‍ॅरे वाचतंय का. दुसरं काम आलं की एमडी सिंक मागे घेतो आणि स्पीड लिमिट मिन (किमान वेग) एवढ्या दरावर आणून ठेवतो, तो मुळात सेकंदाला १००० केबीच असतो. रात्रीपुरता वाढवून ठेवा.

जुना_पेंटियम (मडगाव)

येईल जोडता. आधी स्पेअर म्हणून अ‍ॅड करायची, मग ग्रो (वाढवायचा पर्याय) देऊन डिस्कांची संख्या पाच करायची. तेव्हाही शून्य भरायची गरज नाही, सगळा डेटा नव्याने पाच डिस्कांवर पसरला जातो आणि पॅरिटी नव्याने मोजली जाते. याला सिंकपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, म्हणून ते चवथ उरकल्यावर, पाऊस ओसरल्यावर करा. सुरू करण्याआधी डिचोलीची प्रत ताजी आहे ना ते बघा. ग्रो संपला तरी फाइल सिस्टीम १२ टीबीचीच दिसेल, ती वेगळी वाढवावी लागते.